साबणाच्या वडीतले स्क्रू

मिस्त्रींच्या वर्कशॉपात एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची धडगत नव्हती. गाडीतून निघालेला बारीक स्क्रू टेबलावर ठेवायचा नाही, ताटलीत नाही, खिशात तर मुळीच नाही. तो साबणाच्या वडीत खुपसायचा. कपडे धुवायची पिवळी जाड वडी असते ना, ती. ताटली लवंडते, खिशाला भोक असतं, चुंबकाला सगळे स्क्रू सारखेच. साबण मात्र ज्याला जिथे खोचलं तिथे धरून ठेवतो. काम संपलं, वडी रिकामी झाली, की भोकाभोकांची ती वडी बेसिनवर हात धुवायला जायची आणि पुढच्या गाडीसाठी कपाटातून नवी कोरी वडी निघायची. लोक हसायचे. हसोत बापडे. चाळीस वर्षांत मिस्त्रींच्या हातून एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि हसणारेच गाडी बिघडली की मुकाट्याने त्यांच्या दारात यायचे.

त्यांच्या लेकीला सगळे चिमटी म्हणत. लहानपणी तिचे बारीक हात इंजिनाच्या अशा फटींत जात की जिथे मिस्त्रींचा पंजा शिरायचं नाव घेत नसे, म्हणून चिमटी. आता अडतीस वर्षांची बाई झाली, स्वतः इंजिनं उतरवायला लागली, तरी नाव काही सुटलं नाही.

आणि ही चिमटी गेले सहा महिने घाबरलेली होती. एकदा भर दुपारी, हातात पाना असताना, मिस्त्रींनी तिला विचारलं, तुझी आई अजून आली कशी नाही बाजारातून? आईला जाऊन चार वर्षं झाली होती. चिमटी हसली आणि म्हणाली, बाबा, झोपेत आहात का. तेही हसले. मग चहाचं पातेलं दोनदा जळलं. मग एका गिऱ्हाइकाला त्यांनी त्याचीच गाडी कुणाची म्हणून विचारलं. गिऱ्हाइकाला वाटलं थट्टा करताहेत. चिमटीने कुणाजवळ ब्र काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती फक्त त्यांच्या मागे मागे राहायला लागली, त्यांनी आवळलेला नट ते वळले की पुन्हा तपासायला लागली, आणि प्रत्येक वेळी तो नट बरोबर आवळलेला असायचा. हात सगळं जाणत होते. त्या हातांवर भरवसा ठेवून ती दिवस ढकलत होती.

त्या दिवशी नर्सबाईंची गाडी आली होती. नर्सबाई म्हणजे घाटापलीकडच्या वाड्यावस्त्यांवर बाळंतपणं करणारी बाई. रस्ता असला तर गाडीने, नसला तर पायी. गाडी डिझेलची, पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली, आणि आता इंजिन थंड असताना आतून बारीक खुळखुळ यायला लागलेली. मिस्त्रींनी बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाले, झडपा.

इंजिनाला हवा पोचवणारा जो मॅनिफोल्ड असतो, त्याच्या प्रत्येक नळीत नाण्याएवढी एक झडप असते. कमी वेगात हवेला गिरकी द्यायला म्हणे. कुणा हुशार माणसाने काढलेली युक्ती. पण ती झडप दांडीला धरून ठेवतात दोन स्क्रू, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासे मोठे. गाडी जुनी झाली की दांडी ढिली होते, स्क्रू हलायला लागतात, आणि एके दिवशी एखादा सुटून हवेबरोबर थेट इंजिनाच्या पोटात जातो. पोटात गेला की संपलं. व्हॉल्व्ह वाकतो, पिस्टन फुटतो, इंजिन चालत्या गाडीत जागच्या जागी अडकतं. घाटाच्या उतारावर असं झालं तर ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग हलता हलत नाही. म्हणून जाणता मिस्त्री झडपा मुळातूनच काढून टाकतो आणि दांड्यांच्या भोकांना बुचं मारतो. गाडीला काही फरक पडत नाही. चार झडपा, आठ स्क्रू. सरळ काम आहे, फक्त मोजणी चुकायला नको.

सकाळी बापलेकीने मिळून मॅनिफोल्ड उतरवला. आत काजळीचे थर, बोटभर जाड, स्क्रूंची डोकी दिसायची सोयच नव्हती. मॅनिफोल्ड निघाल्यावर इंजिनाच्या अंगावर चार भोकं उघडी पडली. त्या भोकांत चिमटीने चार लाल फडकी घट्ट कोंबली. हाही नियमच. उघडं भोक म्हणजे उघडं तोंड, मिस्त्री म्हणायचे, त्यात काय जाईल सांगता येत नाही. मग सांध्यात बसवायची नवी गॅस्केट आणायला तिला बाजारात जायचं होतं. मी येईपर्यंत मॅनिफोल्ड बाकावर नेऊन नुसता घासून ठेवा, झडपा दोघं मिळून काढू, असं ती दोनदा सांगून गेली. दुसऱ्यांदा सांगताना तिला स्वतःचाच राग आला. चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला आपण हे सांगायचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

परत यायला सव्वा तास लागला. आली आणि दारातच थबकली.

मॅनिफोल्ड बाकावर नव्हता. तो इंजिनावरच आडवा पडला होता आणि मिस्त्री त्यावर वाकून शेवटचं बूच ठोकत होते. झडपा निघाल्या होत्या, चारही. लाल फडकी मात्र तीनच भोकांत होती. चौथं फडकं मडगार्डवर पडलं होतं आणि तिसरं भोक उघडं होतं. मिस्त्रींनी फडकं काढून त्यानेच कडा पुसली असणार, आणि परत कोंबायचं राहून गेलं असणार. चिमटीने पिशवी खाली ठेवली आणि बाकावरची साबणाची वडी उचलली. वडी हाताला बुळबुळीत लागली. तिने स्क्रू मोजले. सात.

पुन्हा मोजले. सातच. काजळीने काळेकुट्ट झालेले सात स्क्रू, एका ओळीत, आणि ओळीच्या टोकाला काहीच नाही.

किती निघाले हो बाबा, तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. त्यांनी मान वळवली नाही. आठ, ते म्हणाले, चार दुणे आठ, शाळेत काय शिकलीस मग. आणि हसले. तिलाही हसावं लागलं. 

आता सातच निघाले याचे अर्थ दोन. एक तर नर्सबाईंच्या गाडीतला एक स्क्रू आधीच सुटून इंजिनात गेला होता. पण मग गाडी इथवर चालत आली नसती, वाटेतच कोसळली असती. दुसरा अर्थ तिला नको होता, आणि नेमका तोच खरा वाटत होता. मिस्त्रींनी मॅनिफोल्ड इंजिनावरच ठेवून झडपा काढल्या, हातातून स्क्रू निसटला, आणि खाली ते तिसरं भोक उघडं होतं.

दुपारी मिस्त्री जेवून आतल्या खोलीत आडवे झाले तशी ती कामाला लागली. आधी जमीन. लांब दांडीचं चुंबक घेऊन तिने सगळी फरशी पालथी घातली, गाडीखाली पाठीवर सरपटत गेली, बॅटरीखालचा खण हाताने चाचपला. लोखंडाचा कीस मिळाला, एक जुना वॉशर मिळाला, स्क्रू मिळाला नाही. मग मॅनिफोल्ड उचलून उलटा केला, थोपटला, प्रत्येक नळीत हवा मारली. काजळी तोंडावर उडाली, बाकी काही नाही. मग फोनला जोडायचा तो छोटा कॅमेरा तिने तिसऱ्या भोकात सोडला. पडद्यावर काळा बोगदा दिसला आणि बोगद्याच्या शेवटी सिलिंडरचं दार, म्हणजे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह मिटलेला असता तर स्क्रू त्याच्या पाठीवर अडकून बसला असता, चिमट्याने काढता आला असता. पण तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा होता, करंगळी जाईल एवढी फट. त्या फटीतून खाली काय आहे ते कॅमेऱ्याला दिसेना. चुंबक तिथवर वळेना. ती किती वेळ त्या काळ्या फटीकडे बघत बसली कुणास ठाऊक. 

खात्री करायचा एकच मार्ग होता, इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकणच, उतरवायचं. दोन दिवसांचं काम. आणि हेड का उतरवायचं हे बाबांना सांगायचं. त्यांना सांगायचं म्हणजे, तुमच्या हातून स्क्रू पडला आणि तुम्ही आठ म्हणालात, हे सांगायचं. ज्या माणसाने तिला पोरवयात शिकवलं होतं की माणूस खोटं बोलतं, मोजणी बोलत नाही, त्याला. मागल्या महिन्यात तिने नुसतं डॉक्टरचं नाव काढलं तर ते दोन दिवस जेवले नव्हते. मला वेड्यात काढतेस, एवढंच म्हणाले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, चावणार कुणाला.

तिने बाहेर अंगणात जाऊन नर्सबाईंना फोन लावला. गाडी उद्या दिली तर चालेल का, असं विचारायचं होतं. नर्सबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. घाटापलीकडे एका पोरीचे दिवस भरलेत, आडवं मूल आहे, चार वाजता मी गाडी घ्यायला येते, असं सांगून त्या म्हणाल्या, तुमच्याकडून आलेल्या गाडीत मी डोळे मिटून बसते. चिमटी हो म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण हो म्हणालो.

ती आत आली तेव्हा मिस्त्री उठून बाकाशी उभे होते. तिला पाहून ते चटकन बाजूला झाले आणि जुन्या सुट्या स्क्रूंचा पत्र्याचा डबा त्यांनी फळीवर सरकवला. चिमटीची नजर वडीवर गेली.

वडीत आठ स्क्रू होते.

सात काळे, आणि ओळीच्या टोकाला एक लख्ख. काजळीचा डाग नाही, डोक्यावरची खाच नवी कोरी. जन्मात कधी इंजिन न पाहिलेला स्क्रू.

इतका वेळ जी भीती होती ती इंजिनाची होती. आता जी वाटली ती निराळीच होती. स्क्रू हरवतो, माणसाच्या हातून चूक होते, त्याला इलाज असतो. पण बाबांनी मोजलं होतं. त्यांना सात आहेत हे कळलं होतं. आणि त्यांनी डब्यातला एक उचलून भरती केली होती. तिच्या बापाने, मोजणीत, खोटं घातलं होतं. ते तिच्याकडे बघत नव्हते. कानामागे लावलेली पेन्सिल काढत होते, परत लावत होते. तेही घाबरलेत, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याने तिला धीर यायच्या ऐवजी होता तोही गेला.

गॅस्केट दे, ते म्हणाले. तिने दिली.

मॅनिफोल्ड बसायला लागला. ते नट लावत होते, ती हातात देत होती. आता बोलते, हा नट बसला की बोलते, असं ती मनात म्हणत होती. नट बसायचा. ती पुढचा द्यायची. आठ नट बसले आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग डिझेलच्या नळ्या, मग वायर, मग हवेचा पाइप. मिस्त्रींचे हात सरसर चालले होते, एक पकड चुकत नव्हती. कधी नव्हे ते तिला वाटलं, ते चुकावेत. एखादा नट तिरका जावा, सगळं पुन्हा खोलावं लागावं. नट कुठला तिरका जातोय.

नर्सबाई चारला पाच मिनिटं असतानाच आल्या, खांद्याला बॅग. दुरुस्त झालेली गाडी पहिल्यांदा सुरू करायची ती मालकानेच, हाही मिस्त्रींचा एक नियम. नर्सबाईंना तो पाठ होता. त्या सरळ स्टिअरिंगमागे बसल्या, बॅग शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. मिस्त्रींनी साबणाची वडी उचलून खिडकीत धरली.

"आठच्या आठ निघाले, बाई. मोजून घ्या. मारा आता सेल्फ."

नर्सबाई हसल्या आणि त्यांनी किल्लीला हात घातला. त्या क्षणी चिमटीला घाट दिसला. उतार दिसला, वळण दिसलं, आणि गाडीत ही बाई, किंवा परत येताना ही बाई आणि मागच्या सीटवर ती पोर. तिने खिडकीतून हात घालून किल्ली उपसून घेतली. इतक्या जोरात की नर्सबाईंच्या मनगटाला ओरखडा गेला.

"ही गाडी सुरू करायची नाही," ती म्हणाली. "सातच निघालेत. आठवा आमच्या डब्यातला आहे. खरा इंजिनात असेल."

 नर्सबाईंनी आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग चिमटीकडे. लोकांच्या घरात आत काय चाललंय ते उंबऱ्यावरून ओळखायची त्यांना सवय असावी. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. पट्टा सोडला, बॅग उचलली आणि म्हणाल्या, मग मला दुसरं काहीतरी दे, तिकडे पोर कळा देतेय. चिमटीने वर्कशॉपच्या व्हॅनची किल्ली दिली. व्हॅन फाटकातून बाहेर पडून दिसेनाशी झाली तरी ती तिकडेच बघत राहिली, कारण मागे वळायची तिची हिंमत होत नव्हती.

"पोरी," मागून मिस्त्री म्हणाले, "परक्या माणसासमोर?"

रागावले असते तर बरं झालं असतं. आवाज अगदी बारीक होता. मग त्यांची पावलं दूर गेली, आणि बेसिनचा नळ सुटल्याचा आवाज आला. काम संपलं की हात धुवायचे, चाळीस वर्षांची सवय. चिमटी डोळे मिटून तो आवाज ऐकत उभी राहिली. पाण्याचा आवाज, साबण घासल्याचा आवाज. आणि मग टिण्ण.

तिने डोळे उघडले. पुन्हा एकदा, टिण्ण.

ती वळली. मिस्त्री बेसिनवर वाकून हात धुत होते, शांतपणे, कोपरापर्यंत फेस. हातात वडी होती. नर्सबाईंना दाखवलेली तीच वडी, स्क्रू खोचलेली. ते तिच्यावर तळवा घासत होते, आणि मऊ झालेल्या साबणातून काळे स्क्रू सुटून बेसिनमध्ये पडत होते. भोकावरची जाळी कधीच तुटलेली होती. पाणी स्क्रूंना गोल फिरवत होतं आणि खाली नेत होतं. मिस्त्रींना ते दिसत नव्हतं. तोंडाने ते काहीतरी गुणगुणत होते.

सकाळी वडी बुळबुळीत का होती ते चिमटीला आत्ता कळलं. काम संपलं की वडी बेसिनवर जाते. काम संपलं आहे की नाही, तेवढंच त्यांना आठवत नव्हतं.

तिने हळूच पुढे होऊन नळ बंद केला, वडी त्यांच्या हातातून घेतली आणि हात पुसायला फडकं दिलं. त्यांनी पुसले, लेकराने पुसावेत तसे. मग ती बेसिनखाली बसली. खालच्या पाइपाला कचरा अडकायला एक वाटी असते, ती तिने पान्याने सैल केली आणि गाळासकट एका वर्तमानपत्रावर रिकामी केली. बोटांनी गाळ पसरला. तीन काळे स्क्रू. दोन आत्ताचे, एक सकाळचा. वडीत पाच काळे उरले होते. पाच आणि तीन आठ. इंजिनात काही नव्हतं.

हुश्श म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. गाळात अजून काहीतरी चमकत होतं.

तिने एकेक करून वेचले. पितळेचा एक, चपट्या डोक्याचा एक, दोन जुळे, एक अर्धवट गंजलेला. काळे तीन सोडून आणखी नऊ. ते नऊ स्क्रू तळहातावर घेऊन ती बेसिनखालीच बसून राहिली. किती महिने, आणि कुणाच्या गाड्या?

मिस्त्री तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. तिच्या हातातले स्क्रू त्यांनी एकेक करून उचलले आणि बोटांत फिरवले. चष्मा लावला नाही, बोटांना चष्मा लागत नव्हता.

हा दूधवाल्याच्या टेम्पोचा, ते म्हणाले, पंपाच्या झाकणाचा. हे जुळे मास्तरांच्या गाडीचे. पितळेचा त्या म्हाताऱ्या जोडप्याच्या गाडीचा, दरवाजा जोरात आपटतो तो गृहस्थ. त्यांनी एकही चुकवला नाही. कोणता महिना, काय बिघाड, गाडीचा रंग, सगळं सांगितलं. गंजलेला हातात आला तेव्हा ते थांबले. हा शाळेच्या व्हॅनचा, ते म्हणाले, थ्रॉटलच्या झडपेचा.  त्या व्हॅनमध्ये रोज सकाळी अकरा मुलं बसत.

"मग त्यांच्या गाड्यांत काय आहे, बाबा?"

"डब्यातले," मिस्त्री म्हणाले. "मोजणीत कमी भरला की मी डब्यातला घालतो. वाटायचं, कुठेतरी सांडला असेल. मापाला माप बघूनच घालतो गं." थोडं थांबून म्हणाले, "बहुतेक."

मग त्यांनी उरलेले तीन काळे स्क्रू उचलले. बोटांत फिरवले. पुन्हा फिरवले. नखाने काजळी खरवडली, डोळ्यांजवळ नेले, वास घेतला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे कुठले?" ते म्हणाले. "अशी गाडी आपल्याकडे आलेली नाही."

नर्सबाईंची गाडी त्यांच्यापासून चार पावलांवर उभी होती, बॉनेट उघडं.  चिमटीने तिकडे पाहिलं. मिस्त्रींनी तिच्या नजरेमागून पाहिलं, गाडीकडे, बाकावरच्या चार झडपांकडे, आपल्या नखांतल्या काजळीकडे. मग परत तिच्या तोंडाकडे. गाडीतून त्यांना काही कळलं नसेल, पण लेकीच्या तोंडावरून कळलं.

"मीच काढलेत?"

"हो."

"आज?"

"आज सकाळी, बाबा."

 तळहातावर तीन स्क्रू. त्यांनी मूठ मिटून घेतली. 

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले.

"मलाही," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. सहा महिने तिने ते धरून ठेवलं होतं. मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. साबणाचा वास येत होता.

तिचे हुंदके थांबल्यावर त्यांनी फोन मागितला. नर्सबाईंना लाव म्हणाले. तिने लावला आणि स्वतःच बोलायला लागली, इंजिनात काही नाही, स्क्रू सापडला, उद्या गाडी मिळेल. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. नर्सबाई घाटावर पोचल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, होता कुठे.  मनात तिने तीन चार उत्तरं जुळवून पाहिली, सगळी बाबांना वाचवणारी. मिस्त्रींनी तिच्या हातून फोन काढून घेतला.

"बाई, मी बोलतोय. स्क्रू खोचलेल्या साबणाने मी हात धुतले, त्यात गेला. मला आठवत नाही. आणि डब्यातला घालून मी तुम्हाला आठ मोजून दाखवले, तेही माझंच. पोरीने किल्ली काढली नसती तर मी तुम्हाला तसंच पाठवलं असतं." तिकडून काहीतरी उत्तर आलं. ते हो, हो म्हणाले आणि फोन तिला परत दिला.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर नऊ स्क्रू. मिस्त्रींनी त्यातला गंजलेला उचलून तिच्यासमोर ठेवला, बाकीचे त्याच्या मागे एका ओळीत लावले.

"आता शाळेच्या व्हॅनवाल्याचा नंबर लाव," ते म्हणाले. "मग दूधवाला, मग मास्तर. सगळ्यांना मीच सांगतो. लाव लवकर, मी विसरायच्या आत."